पुसलेल्या जागेवरची फाइल

आई नांदेडला डीटीपी करायची. हमाल, अंगणवाडी सेविका, वसतिगृहातली पोरं, सगळ्यांची पत्रकं तिच्या बोटांखालून गेली. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले, पुढे मोर्च्यांत घोषणा द्यायलाही. पत्रकाच्या तळाशी प्रेसचं नाव असतं, टाइप करणारीचं कधीच नसतं. यावरून मी भांडायचे, ती हसायची. शेवटच्या आजारात मात्र म्हणाली, "आता एक माझंबी लिहून राहिले. झालं की दाखवते."

दाखवायच्या आत ती गेली. कॉम्प्युटरवर ते पत्रक कुठेच नव्हतं. मी हार्ड डिस्क काढली आणि लातूरला मैत्रिणीकडे नेली. गेलेल्या फाइली परत काढणं हाच तिचा धंदा.

"या, पुढारीणबाई! आज घोषणा न्हाई का?" म्हणाली, आणि माझा चेहरा बघून गुपचूप खुर्ची पुढे केली.

डिस्कवर सॉफ्टवेअरच्याच फाइलींचा ढीग होता. तो उपसायची तिची रीत अशी: प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून यंत्र एक लांबलचक खूण काढतं, तिला हॅश म्हणतात. एक स्वल्पविराम हलला तरी खूण बदलते. कंपन्यांच्या पॅकेजमधल्या फाइलींच्या खुणा तिच्याकडे असतात. खूण जुळली की फाइल ओळखीची, म्हणजे बाजूला. ओळखीचं सगळं काढून टाकल्यावर जे उरेल, ते आईचं.

उरली ती लोकांची पत्रकं, लग्नपत्रिका. आणि पुसलेल्या फाइलींच्या नोंदींत एक नाव: 'माझे पत्रक'.

"काढ ना!"

तिनं ती नोंद उघडली. "नुसतं नाव हाय गं. त्या जागेवर आता दुसरीच फाइल बसलीय. अपडेटमधली. हॅश तंतोतंत जुळतो."

"परत बघ."

तिनं परत बघितलं. "काकूंनीच पुसलं होतं, तारीख त्या असतानाचीच हाय. अपडेट त्याच्यानंतर आलाय."

कुणाच्याही नावानं मुर्दाबाद म्हणताना माझी जीभ कधी अडली नव्हती. इथे कुणाचं नाव घ्यायचं? गावोगावच्या कॉम्प्युटरवर जशीच्या तशी असलेली फाइल, तिला आईच्याच ओळींची जागा मिळाली होती.

उरलेलं पेन ड्राइव्हवर घेऊन मी नांदेडची एसटी पकडली. घरी एकेक पत्रक उघडून वाचलं. हमालांना दर वाढवून हवे होते, सेविकांना मानधन वेळेवर, पोरांना वसतिगृहात पाणी.

आईची मागणी काय होती, ते मला माहीत नाही.