जगरनॉट आणि जगन्नाथमामा

स्टाफरूममध्ये पाच मास्तर आणि एक चहाची किटली असली की किस्से आपोआप साचतात. डोळखांबकडच्या आमच्या शाळेत तर एका इंग्रजी शब्दानंच अख्खं वर्ष खाल्लं!

पेपरात क्रिकेटची बातमी होती, तिच्यात 'जगरनॉट'. मी विज्ञानवाला, मला काय कळणार? इंग्रजीच्या घरत मॅडमना विचारलं.

"अवाढव्य! समोर येईल ते चिरडत जाणारं, कुणाच्यानं न थांबणारं."

पीटीचे भोईर सर म्हणाले, "म्हणजे दहावीचा पोर्शन!"

*

मॅडमनी डिक्शनरी उघडली. शब्द आला कुठून, तर पुरीच्या रथावरून! त्या मोठ्यानं वाचायला लागल्या, "जगन्नाथ... जगन्नाथ..."

दाराबाहेरून आवाज, "आलो, आलो!"

आमचे शिपाई, जगन्नाथमामा. वजन फार तर पंचेचाळीस किलो!

*

मामांना अर्थ सांगितला, तर ते खालीच बसले. "देव कंदी कुनाला चिरडतो व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "मामा, जुन्या काळी गोऱ्यांनी तो प्रचंड रथ पाहिला. लोक चाकांखाली जीव देतात, असं लिहून तिकडं पाठवलं. त्यातून शब्द बनला."

"आन देवाला कुनी इचारलं नाय?"

मॅडमनी डिक्शनरी मिटली. पुढचे दोन दिवस मामांनी घंटासुद्धा हळू वाजवली.

*

सहामाहीत आठवीच्या एका मुलीनं निबंधात लिहिलं, "अवर प्यून इज अ जगरनॉट." मार्क द्यायचे की कापायचे? मॅडमनी पेपर आम्हा सगळ्यांत फिरवला. कुणालाच कळेना!

*

आणि हे तर मी डोळ्यांनी पाहिलं. शाळेपुढच्या ओढ्यावरच्या मोरीवरून पाड्यांवरची पोरं येतात. एका दुपारी पुलाचा गर्डर लादलेला भलामोठा ट्रेलर तिच्यावर चढायला आला. मोरीला आधीच तडा गेलेला. मामा धावत जाऊन मधोमध उभे राहिले.

"मोरी बसंल! मंग पोरं येतील कशी? नाय सोडनार!"

ड्रायव्हर ओडिशाचा. हॉर्नवर हॉर्न! आम्ही गेटातच थिजलो. शेवटी तो खाली उतरला, तावातावानं मामांच्या अंगावर गेला.

"ए बाबा, नाम क्या है तेरा?"

"जगन्नाथ."

ड्रायव्हरनं चपला काढल्या. तापल्या डांबरावर वाकून मामांच्या पायांना हात लावला. मग वर चढला आणि तो अख्खा ट्रेलर इंच इंच मागं नेला.

मामा तिथंच उभे. कितीतरी वेळ, आपल्याच पायांकडे बघत.