मानाच्या जोडीला आवतण

तिवशाच्या आठवडी बाजारात सत्यवतीबाई कुठे बसतात, हे कोणाला विचारावं लागत नसे. भाजीच्या ओळीकडे वळलं की आवाजच वाट दाखवायचा. "वांगे घ्या वांगे! देठाचा काटा पाहून घ्या, आजच तोडले हायेत!" सासू जाईबाईंच्या शेजारी पोतं अंथरून वांगी, मेथी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकता विकता तो आवाज तयार झाला होता. जाईबाई गेल्या, पोतं तेच राहिलं आणि जागाही तीच राहिली.

सत्यवतीबाईंचं गाव जांभळखेड, मोझरीच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. माळ्यांची घरं तिथे मोजकी. विहिरीकाठची पट्टी भाजीला लावायची आणि बाजार धरायचा, हा त्यांचा संसार. बाकी गाव काळ्या जमिनीचं, कपाशी-तुरीचं आणि बैलांचं. ट्रॅक्टर आले तरी जांभळखेडने जोड्या सोडल्या नव्हत्या. सत्यवतीबाईंचे यजमान पुंजाराम यांच्या दावणीला मात्र कधी बैल बांधला गेला नव्हता. नांगरणी-वखरणी भाड्याच्या जोडीवर व्हायची.

सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं तेव्हा दोन मोठ्या घरांत एकमत होईना. तडजोड म्हणून सत्यवतीबाईंचं नाव पुढे आलं. "आवाज हाय बाईले, ग्रामसभेत भोंगा लागणार नाई," असं म्हणून लोक हसले आणि निवडूनही दिलं. पहिल्या दिवशी कोणीतरी सरपंचाच्या खुर्चीशेजारी पुंजारामसाठी दुसरी खुर्ची मांडली. पुंजारामने ती उचलून भिंतीशी नेऊन ठेवली. "मले दोडक्याले पाणी द्याचं हाय," ते म्हणाले आणि निघून गेले. त्यानंतर ती खुर्ची कोणी मांडली नाही.

बाईंनी एक नवी पद्धत पाडली. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना संपली की त्या पंचायतीच्या भोंग्यावरून गावाला बातम्या सांगत. उद्या नळ कधी येणार, लस द्यायला नर्सबाई कधी येणार, कोणत्या गल्लीतली नाली उपसणार. होळीला ऑइलपेंट तोंडाला लावू नका आणि गणपतीच्या मांडवाची वायर उघडी ठेवू नका, हेही त्याच सांगत. ग्रामसेवक शेखर मजकूर लिहून देई, पण बाई कागद घडी करून ठेवत आणि आपल्या बोलीत सांगत. बाया भाकरी थापता थापता ऐकत. बातम्या नसल्या की दुसऱ्या दिवशी चुकल्यासारखं होई.

मग पोळा जवळ आला.

गावाबाहेर मुरमाची जुनी खदान होती. नाल्यावरची बैल धुवायची जागा गाळाने भरल्यापासून पोळ्याच्या सकाळी सारं गाव बैल घेऊन खदानीवर जाई. काठाशी पाण्याखाली एक रुंद पायरी होती, तिच्यावर बैल उभे राहत. गेल्या वर्षी भगवंत नावाच्या शेतकऱ्याचा बैल त्या पायरीवरून घसरला आणि त्याच्यामागे भगवंतही पाण्यात गेला. बैल पोहत निघाला, भगवंत त्याचं शेपूट धरून निघाला. पुढे त्याने त्याची गंमत करून टाकली. शेपटाची गोष्ट ऐकवून तो लोकांना हसवायचा. सत्यवतीबाईंना मात्र त्याची बायको वर्षाली आठवे. नवरा दिसेनासा झाल्यावर ती काठावर मटकन बसली होती आणि तो वर आल्यानंतरही तिला उठता येत नव्हतं.

या उन्हाळ्यात रस्त्याच्या कामासाठी मुरूम काढताना मशीनने ती पायरीच खरवडून नेली. पावसाने खदान भरली. वरून पाणी पूर्वीसारखंच निळं आणि निवांत. काठावरून पहिलं पाऊल टाकलं की सरळ तळ, हे वरून पाहणाऱ्याला कळायचं नाही. कुंपणासाठी तहसीलला पत्र गेलं होतं, पण कुंपण पोळ्याच्या आधी येण्यातलं नव्हतं.

बाईंनी ग्रामसभेत विषय मांडला. यंदा बैल खदानीवर न्यायचे नाहीत. पाण्याच्या टाकीजवळच्या मैदानात पंचायत हौद भरून ठेवेल, पाइप लावेल.

समोर केशवराव बसले होते. गावातली मानाची जोडी त्यांची. पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी त्यांची निघते आणि सकाळी पाण्यातही पहिली तीच उतरते. त्यांच्या आधी गावातला एकही बैल पाण्याला जात नाही, आणि ते जिथे जातात तिथेच बाकीचे जातात.

"सत्यवते," केशवराव म्हणाले, "वांग्याले काटे किती असते थे सांग, आमी ऐकू. बैलानं आंग कोठी धुवावं, थे आमाले सांगू नको."

सभा हसली. बाईंची जीभ बाजारात धार लावलेली. त्या थांबल्या नाहीत.

"दादाजी, वांग्याचा काटा दिसते तरी. खदानीतला खड्डा दिसत नाई."

आता सभा त्याहून मोठ्याने हसली आणि तो हशा केशवरावांवर उलटला. म्हातारे उठले, टोपी नीट केली आणि निघून गेले. जाताना दारात म्हणाले, "माही जोडी खदानीवर जाईन. ज्याले याचं थो येईन."

बाईंच्या तेव्हाच लक्षात आलं की आपण गिऱ्हाइकाला हसवायच्या नादात गिऱ्हाईक घालवलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी भोंगा वाजत राहिला. शेखरने लिहिलं होतं, "सर्व पशुपालकांना सूचित करण्यात येते की." तेवढं एकदाच वाचून पाहिलं, तर पारावरून कोणी ओरडलं, "पशुपालक कोन? आमी तं शेतकरी!" मग बाईंनी आपल्या शब्दांत सांगितलं, विनवून सांगितलं, रागावून सांगितलं. पंचायतीसमोरून जाणारे तरणे पोट्टे विचारत, "बाई, खदान कशी किलो?" बाई हसून सोडून देत. घरी आल्यावर मात्र ताट तसंच राही.

"ऐकतीन गावातले," पुंजाराम म्हणत.

"सारे ऐकून राहिले जी," बाई म्हणत. "पन केशवरावदादा खदानीकडे वळले का सारे वळतीन. ऐकून काय कराचं?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी सूर्य कलला तशी गावात खांदशेकणी सुरू झाली. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलांचे खांदे तूप-हळद लावून पळसाच्या पानांनी शेकायचे आणि मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन आवतण द्यायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं बोलावणं. बाई हौदाचं काम पाहून घरी निघाल्या होत्या. ज्या गोठ्यावरून जावं तिथून तेच शब्द कानी येत होते: "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

तिसऱ्या-चौथ्या गोठ्यापाशी त्यांचे पाय थांबले.  मग घराची वाट सोडून केशवरावांच्या वाड्याकडे वळल्या.

केशवराव ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांच्या घरच्या, कौशल्याबाई, गोठ्यात तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या.

"नोटीस आनली काय?" केशवरावांनी विचारलं.

"नाई दादाजी. तुमच्यासंग माहं काईच काम नाई," बाई म्हणाल्या. "माहं काम यायच्यासंग हाय." आणि त्यांनी बैलांकडे बोट दाखवलं. "वैनी, मले येक पळसाचं पान द्या."

कौशल्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि हसू दाबत पान पुढे केलं.

पवळ्या आणि चांद्या, दोन्ही बैल उंच खांद्याचे. सत्यवतीबाईंनी आयुष्यात बैलाचा खांदा शेकला नव्हता. पवळ्याने फुर्र केलं तशा त्या एक पाऊल मागे सरल्या. पुन्हा पुढे आल्या. तूप लावलं. पळसाच्या पानाने खांदा शेकला. मग टाचा उंचावून कानाशी गेल्या.

"राजेहो, आज आवतण घ्या. उद्या सकाळी आंग धुवाले टाकीवर या. हे माहं नाई, गावाचं आवतण हाय. तुमी आले तं सारे येतीन."

जोडीतल्या एकालाच बोलावणं बरं दिसत नाही, म्हणून चांद्याच्या कानातही तेच सगळं पुन्हा सांगितलं.

ओसरीवरून केशवराव पाहत होते. ते म्हणाले, "बैल काई बोलत नाई. उत्तर कसं भेटन तुले?"

"सकाळी भेटन," बाई म्हणाल्या आणि डोक्यावरचा पदर सारखा करून निघाल्या.

बैलाला दिलेलं आवतण कोणी मोडल्याचं जांभळखेडमध्ये कोणाला आठवत नव्हतं. पण आवतण नेहमी घरच्यांनी दिलेलं. ज्या घरी बैल नाही तिथल्या बाईने दुसऱ्याच्या बैलाला आवतण दिलं, तर ते धरायचं की नाही, हे कोणी ठरवलेलंच नव्हतं. त्या संध्याकाळी प्रार्थना झाली, पण भोंगा बोलला नाही.

"बातम्या काहून नाई आज?" पुंजारामने विचारलं.

"आवतण देल्लं," बाई म्हणाल्या. "त्याच्यावर पुकारा करत नसतेत."

पोळ्याच्या सकाळी टाकीजवळचा हौद काठोकाठ भरला होता. चिखल होऊ नये म्हणून मैदानात मुरूम पसरला होता. शेखर पाइप हातात धरून उभा होता आणि मैदानात एकही बैल नव्हता.

बाई पायवाटेने फाट्यापर्यंत गेल्या. तिथे एक वाट खदानीकडे जायची, एक टाकीकडे. साऱ्या जोड्या तिथेच अडून उभ्या होत्या. घुंगूर वाजत होते, लोक तंबाखू मळत होते आणि मानाच्या जोडीची वाट पाहत होते. भगवंतही होता. त्याच्या बैलाचा कासरा वर्षालीने दोन्ही हातांनी धरला होता. पोळ्याला बाया बैलांसोबत येत नाहीत. ती आली होती.

केशवराव आले. पवळ्या डाव्या हाताला, चांद्या उजव्या. फाट्यावर येऊन थांबले. बाई निंबाच्या झाडाखाली उभ्या होत्या. 

"दादाजी, खदानीकडे ना?" भगवंतने विचारलं.

"आवतण कोठचं हाय बैलाईले?" केशवराव म्हणाले.

कोणाला काही कळेना. आवतणाची गोष्ट कौशल्याबाईंनी फक्त पाणवठ्यावरच्या बायांना सांगितली होती.

"काल सांजले माह्या गोठ्यात येऊन आवतण देल्लं गावानं," केशवराव मोठ्याने म्हणाले. "दोघाईच्या कानात देल्लं. आवतण सोडून माहे बैल बिनबोलावल्या जागी जातीन काय? भिकारी समजलं काय त्यायले?"

त्यांनी कासरा टाकीकडे ओढला. मानाची जोडी वळली आणि तिच्यामागे सारं गाव वळलं. वर्षालीने कासरा नवऱ्याच्या हाती दिला आणि घरी गेली.

मैदानात मग जी धमाल उडाली ती उडाली. शेखर पाइप सोडायला तयार नव्हता आणि बैलांपेक्षा माणसंच जास्त भिजत होती. शिंगांचा जुना रंग घासून निघाला, खूर साफ झाले. "खदानीत आंगाले शेवाळ लागे, अथी चक्क नळाचं पानी," असं आदल्या दिवशीपर्यंत खदानीची बाजू घेणारेच सांगू लागले. दुपारी तालुक्याच्या वर्तमानपत्राचा नितेश मोटारसायकलवर आला. पोळ्याला बुडाल्याच्या बातम्या गोळा करत तो गावोगाव फिरत होता.

"काही घडलं का बाई?"

"काई नाई घडलं."

"मग मी बातमी काय लिहू?"

"लिही का जांभळखेडात काई नाई घडलं."

"अशी बातमी छापत नाहीत बाई."

"नको छापू. मी सांगीन भोंग्यावरून," बाई म्हणाल्या आणि त्याला ओल्या मैदानातच चहा पाजला.

संध्याकाळी तोरणाखाली जोड्या लागल्या. झुली, बेगड, कपाळावरच्या मठाट्या, रंगवलेली शिंगं. मानाची जोडी निघाली आणि पोळा फुटला. आता बैल ओवाळणीसाठी घरोघर जाणार होते. सत्यवतीबाई घरी येऊन दमून टेकल्या होत्या. माळ्यांच्या गल्लीत शेजारपाजारची एखादी जोडी येई तेवढीच. मानाची जोडी तिकडे कधी वळली नव्हती. सून आरतीने पुरणाच्या पोळ्या करून ठेवल्या होत्या, त्या घरापुरत्या.

दारात घुंगूर वाजले.

"सरपंचबाई!" बाहेरून हाक आली. हाक केशवरावांची होती, आणि आजवर त्यांनी बाईंना या नावाने हाक मारलेली नव्हती. "आवतण देऊन दार लोटून बसता काय? माहे बैल उपाशी हायेत!"

बाई धडपडत उठल्या. आरतीने ताट आणलं. त्यांनी पवळ्याचे पाय धुतले, चांद्याचे धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. पवळ्याने तळहातावरची पोळी जिभेने ओढून घेतली. बैल घेऊन येणाऱ्याला बोजारा, म्हणजे ओवाळणीचा मान, द्यायचा असतो. तो घ्यायला केशवराव स्वतः कधी कोणाच्या दारी हात पसरत नसत, त्यांचा गडी पुढे होई. आज त्यांनी गड्याला बाजूला केलं आणि स्वतःचा हात पुढे धरला. पुंजारामने त्यावर विडा आणि नारळ ठेवला.

"तुयी बाई लय वस्ताद हाय पुंजाराम," केशवराव म्हणाले. "माह्याशी बोललीच नाई. सारं बैलाईशीच बोलली."

"घरी माह्यासंगही तसंच हाय जी," पुंजाराम म्हणाले.

केशवरावांनी जोडी पुढे काढली. बाई त्यांना पाहायला गल्लीच्या तोंडाशी गेल्या आणि जागीच थबकल्या. मानाच्या जोडीच्या मागे दुसरी जोडी होती, दुसरीमागे तिसरी, तिसरीमागे भगवंतची आणि तिच्याही मागे पार मारुतीच्या पारापर्यंत शिंगंच शिंगं. मानाची जोडी ज्या गल्लीत वळली होती, त्याच गल्लीत सारं गाव वळलं होतं.

"आई," आरती मागून घाबरून म्हणाली, "पोळ्या तं पुरत नाई!"

"नाई पुरत तं नाई पुरत," सत्यवतीबाई वळून न पाहता म्हणाल्या. त्यांचं तोंड हसूने भरलं होतं. "डाळ टाक शिजू. अन् शेजारच्या साऱ्या बायाईले आवाज दे, पोळपाट घेऊन या म्हना!"