दयाच्या लेकीचा उपास

कोल्हारच्या आमच्या ख्रिस्ती गल्लीत उपास-प्रार्थनेचा भारी सोस. कुणाचं दुखणं निघालं की बायका साखळी धरतात, आज ही उपाशी तर उद्या ती. मला ते कधीच पटलं नाही, पण गल्लीत मला विचारतं कोण!

उपास न धरणारी एकटी दया. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि घरी लेकीला, एंजलला, घटकाघटकाला काहीतरी खाऊ घालायची. गुड फ्रायडेच्या भक्तीतसुद्धा तिच्या पिशवीत बिस्किटं. बायका नाकं मुरडायच्या. दया म्हणायची, "मुरडा. मी उपाशी राहिले तर पोर बघून शिकंल. तिला पोट रिकामं ठेवून चालत न्हाई."

पुण्याच्या डॉक्टरांनी तिला ते समजावलं होतं. पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी मोडून इंधनासाठी किटोन तयार करतं. ते वापरायचे, तर कोएन्झाइम ए नावाचा रेणू दुसरीकडून काढून त्यांच्यावर चढवावा लागतो. एका बैलाच्या मानेवरचं जू उतरवून दुसऱ्याच्या मानेवर ठेवावं, तसं हे काम करणारी एन्झाइमांची घराणीच असतात. एंजलला त्यातलं नेमकं किटोनचं एन्झाइम जन्मापासून नव्हतं. मग किटोन साचतात, रक्त आंबट होतं आणि लेकरू गळून पडतं.

तरी दयानं तिला नऊ वर्षांची केली.

मग दयाचंच पोटाचं मोठं ऑपरेशन निघालं. नवरा अँड्र्यू तिला घेऊन नगरला गेला, एंजल राहिली आत्याकडे, बनुबाईकडे. गल्लीनं दयासाठी साखळी धरली. बनुबाई स्वतः उपाशी राहून भाचीला वेळेवर ताट वाढत होती. पोर ताट घेऊन परसात जायची आणि रिकामं आणून द्यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. बनुबाईनं विचारलं, तर म्हणाली, "आत्या, मी मम्मीसाठी उपास धरलाय. जेवण शेळीला घातलं. मम्मीला सांगू नको, ती रागवंल."

मीच गाडी काढली. दवाखान्यात सलाईन लावलं, पण फार उशीर झाला होता. एंजल गेली. मी आयुष्यात इतका कधी रडलो नव्हतो.

दया बरी होऊन घरी आली. महिन्याभरानं चर्चमध्ये एक बाई साक्ष द्यायला उठली, "प्रभूनं आमचा उपास ऐकला, दयाला वाचवलं." बनुबाईनं पदरात तोंड लपवलं.

दया जागेवरून उठली. टाके अजून ओढत होते, तिनं बाकाला धरलं.

"उपास ऐकला म्हनता ना?" ती म्हणाली. "मग माझ्या लेकराची भूक त्याला ऐकू आली न्हाई का?"