ठोसरसर खुर्ची सोडत नसत

विंग कमांडर विजयकुमार ठोसर ड्यूटी संपली तरी खुर्चीतून उठायचे नाहीत. पडद्यांवरचा एकेक आकडा ते मोठ्याने वाचायचे, पुढच्या पाळीचा माणूस तो परत म्हणायचा, आणि शेवटी त्याने "आय हॅव कंट्रोल, सर" म्हटलं की मगच सर उठायचे. यात वीस मिनिटं जायची. बाहेर कंपनीची बस हॉर्न वाजवत असायची. मी एचआरमध्ये, त्यामुळे ड्रायव्हरच्या तक्रारी माझ्या डोक्यावर.

एकदा मी म्हटलं, सर, हे जरा आटोपतं घ्या ना. त्यांनी मला समोर बसवून आपली अख्खी नोकरी ऐकवली. हवाई दलात आधी विमान चालवलं, कानाच्या दुखण्याने ते सुटलं, मग रडार, आणि शेवटची दहा वर्षं उपग्रहांची तुकडी. विमानात दोघे पायलट असतात. प्रत्येकाला वाटलं की दुसरा चालवतोय, तर विमान कोणीच चालवत नसतं. म्हणून ते तीन शब्द.

"छाया, माणसाने बाकी हवं ते खोटं बोलावं," ते म्हणाले, "हे तीन शब्द खोटे बोलायचे नाहीत."

निवृत्तीनंतर, २००५ साली, ते पुण्याहून दुबईला आले. आमच्या कंपनीचा एकच उपग्रह वर होता. त्याचा अर्धा भाग एका लष्कराने वापरायला घेतला होता, आणि कंट्रोल रूमवर लष्करी शिस्तीतला माणूस हवा अशी त्यांची अट होती. सगळे सरांना कमांडरच म्हणत. सहा इंजिनियर त्यांनी पाटी-पेन्सिलीपासून तयार केले. त्यातला लाडका निनाद, दुबईतच ऊद मेथाच्या शाळेत शिकलेला, मराठी सगळं समजणारा आणि उत्तर इंग्रजीत देणारा. दर शुक्रवारी तो सरांकडे जेवायला. शोभनावहिनी वाढायच्या आणि सर वरणभात कालवता कालवता त्याची परीक्षा घ्यायचे.

२००८ संपता संपता मंदी आली आणि सगळ्यांचीच हवा गेली. लष्कराने करार पुढे चालवला नाही. कंपनीत यादी निघाली आणि पहिलं नाव ठोसरसरांचं. जनरल मॅनेजरला एकच भीती होती. खरं सांगितलं तर हा माणूस खुर्ची सोडणार नाही. म्हणून असं ठरलं की त्यांना महिन्याच्या रजेवर पाठवायचं, मागून व्हिसा रद्द करायचा आणि पत्र कुरियरने पुण्याला धाडायचं. त्यांच्या जागी निनाद. हे ठरलं तेव्हा खोलीत आम्ही तिघंच होतो. निनादने एवढंच विचारलं, "फ्रॉम व्हिच डेट?"

आणि मी काय केलं? माझ्या नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती, घर माझ्या व्हिसावर चालू होतं. मी मूग गिळून बसले. निनादला शिव्या देताना मी हे सोयीस्कर विसरते.

जानेवारीत सर निघाले. रजेच्या अर्जावर त्यांची सही घ्यायला मी कंट्रोल रूममध्ये गेले, तेव्हा हँडओव्हर चालू होता. महिनाभर जायचं म्हणून सरांनी तासभर लावला. तीन नंबरची बॅटरी तापते, तिच्यावर डोळा ठेव, असं तीनदा बजावलं. निनाद एकेक आकडा परत म्हणत होता. शेवटी म्हणाला, "आय हॅव कंट्रोल, सर." आवाज जरासुद्धा हलला नाही. सर उठले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, महिन्याने परत घेतो. "इन्शाल्ला, सर," निनाद म्हणाला.

वहिनींनी कंपनीने दिलेल्या घराची किल्ली माझ्या हातात दिली. बाल्कनीतल्या कढीपत्त्याला दिवसाआड पाणी घाल म्हणाल्या. जे घर मलाच रिकामं करायचं होतं, तिथे जाऊन मी महिनाभर झाडाला पाणी घातलं.

पत्र त्यांना मिळालंच नाही. आमच्या फायलीत त्यांचा पुण्याचा जुना पत्ता होता, मीही तो तपासला नव्हता. एकतिसाव्या दिवशी सर आणि वहिनी दुबईच्या विमानतळावर उतरले. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट पाहिला आणि परत सरकवला. व्हिसा कॅन्सल, खलास. सरांनी तिथूनच मला फोन केला. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत.

"निनादला माहीत होतं?"

"हो, सर."

"हँडओव्हरच्या आधी?"

"आधीच."

फोनमध्ये विमानतळावरच्या घोषणा चालू होत्या. मग ते म्हणाले, "म्हणजे त्याने घेतलेलं नाही. कंट्रोल अजून माझ्याकडेच आहे." मागून वहिनींचा आवाज आला, कढीपत्ता कसा आहे ते विचारा. मी म्हटलं, छान फुटलाय. लाज वाटली, अजून वाटते. संध्याकाळच्या विमानाने दोघं परत गेले.

पुढे २०१३ साली तो उपग्रह म्हातारा झाला म्हणून बंद केला. बंद करणारा निनादच होता. नव्या मुलांना तो ते तीन शब्द शिकवतो असं ऐकते, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पुढच्या वर्षी पुण्याला गेले तेव्हा मन घट्ट करून त्यांच्या घरी गेले. वहिनींनी चहा दिला आणि सांगितलं की चार वर्षं हे एका रात्रीसाठीसुद्धा कुठे गावाला गेले नाहीत. ड्यूटीवर आहे म्हणायचे. टेबलावर वह्यांची चळत होती. इंटरनेटवर मिळतील त्या आकड्यांवरून सर रोज सकाळी सहाला उपग्रह कुठे आहे ते मांडायचे. शेवटच्या पानावर तो बंद झाल्याचा दिवस आणि वेळ होती. खाली एक ओळ होती: जानेवारी २००९ चा हँडओव्हर झाला नाही.

सरांनी वही माझ्याकडे फिरवली आणि पेन पुढे केलं.

"तू तिथे होतीस. साक्षीदार म्हणून सही कर."

मी सही केली. त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली.

"तारीख राहिली," ते म्हणाले. "आजची नको. त्या हँडओव्हरच्या दिवशीची टाक."