भट्टी थंड नव्हती

दाजींना सख्खा मेव्हणा एकच, पण त्याचं ऐकून ऐकून सगळी गल्लीच त्यांना दाजी म्हणायला लागली होती. दोघांची बेकरी भागीदारीत. पीठ मळायचं मेव्हण्याने, भट्टी सांभाळायची दाजींनी आणि भांडायचं दोघांनी मिळून. भट्टीच्या तोंडाशी उघडा तळहात धरून दाजी सांगायचे, पाव आत कधी घालायचे. उष्णता दाखवणारा काटा भट्टीला होता, पण त्याच्याकडे बघणं त्यांना कमीपणाचं वाटे.

रक्ताच्या तपासणीत प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला आणि डॉक्टरीणबाईंनी बायोप्सी सांगितली. सुई कुठून घालणार हे कळल्यावर दाजींनी ठरवून टाकलं, ही गोष्ट घरात फुटता कामा नये. दाढ दाखवतो म्हणून ते एकटेच गेले आणि एकटेच परत आले.

“दाढ काढली आणि चालताय असे फेंगडे?” मेव्हण्याने विचारलं.

“तू तुझं पीठ बघ.”

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “लघवीत थोडे दिवस रक्त दिसेल, त्याला घाबरू नका. पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर गोळी घेऊन घरी पडू नका. तडक इकडे या.” दाजी घाबरले ते नेमके रक्तालाच. रंग फिकट झाला तसे ते निर्धास्त झाले आणि कामाला उभे राहिले.

दुपारी त्यांनी भट्टीपुढे हात धरला, तर ऊबच लागेना. भट्टी थंड पडली म्हणून त्यांनी आच वाढवली. तरी अंगात हुडहुडी. आणखी वाढवली. काटा चढत होता, पण बघतोय कोण! सगळे पाव जळून कोळसा झाले. दाजींच्या हातून हे जन्मात झालं नव्हतं, म्हणून त्यांनी खापर पिठावर फोडलं. मेव्हणा तावातावाने आला, काटा दाखवायला त्यांचा हात धरून ओढू लागला आणि एकदम थांबला.

“दाजी, भट्टीचं सोडा, तुम्हीच तापलाय. चटका बसतोय हाताला.”

“कणकण आहे जरा. गोळी घेतो,” दाजी म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांना डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. त्यांचे दात वाजत होते. लाज वाटत होती, पण आता जिवाची भीती जास्त वाटली.

“दाढ नव्हती रे ती,” ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

मेव्हण्याने भट्टी बंद केली, शटर ओढलं आणि पिठाच्या हातांनीच गाडी थांबवली.

“जंतू रक्तात शिरलेत,” तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बायोप्सीच्या वेळी दिलेल्या गोळ्यांना ते दाद देत नसावेत. शिरेतून दुसरं औषध सुरू करते. आणखी उशीर केला असता, तर माझ्याही हातात काही राहिलं नसतं.”

ताप उतरेपर्यंत मेव्हणा उशाशी बसून होता. बायकोलाही ज्याला हात लावू दिला नाही, ते लघवीचं भांडं हा माणूस बिनबोभाट धरायचा, धुवायचा आणि वर टोमणेही मारायचा. कारण बोलणं बंद केलं तर दाजी आणखी घाबरतील, हे त्याला माहीत होतं.

“तू होतास म्हणून वाचलो रे,” एकदा दाजी म्हणाले.

“मग? ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?”

बायोप्सीचा रिपोर्ट घ्यायला मात्र दाजी एकटे गेले नाहीत. “तू चल,” ते म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. कॅन्सर नव्हता. दाजींनी श्वास सोडला आणि शेजारी पाहिलं, तर मेव्हणा ओंजळीत तोंड खुपसून हमसून हमसून रडत होता. इतके दिवस तो आपल्याएवढाच घाबरलेला होता, हे दाजींना तेव्हा कळलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो शांत होईपर्यंत काढला नाही.