जातवान

महिन्याच्या पहिल्या सोमवारी रामदासनाना आपला कुत्रा घेऊन जिनिंगमध्ये येत आणि त्याला कापसाच्या काट्यावर उभं करत. गाड्या लागलेल्या असल्या तर शेतकरी खाली उतरून बघत राहत. कुत्रा होताच तसा. ग्रेट डेन, फिकट बदामी रंगाचा, पाठ नानांच्या कमरेच्याही वर. "नाना, हाई कुत्रं शे का वासरू?" कुणीतरी विचारायचंच. नाना उत्तर न देता काट्याचा आकडा बघायचे आणि कुत्र्याच्या कानाशी वाकून सांगायचे, "मोती, दोन किलो भरला." मग त्याला दारातल्या निंबाला बांधून दिवसभर कापूस मोजायला उभे राहायचे.

धरणगावच्या त्या जिनिंगमध्ये मी पावत्या लिहायला होतो आणि नाना मापाडी होते. उंच, हडकुळे, पांढरी टोपी. त्यांनी तोललेल्या गाडीवर कधी भांडण झालं नाही. मालकाचा मेव्हणा माल घेऊन आला तरी ओल दिसली की ते वजन तोडायचे. "भाऊ, काट्यावर माया नको," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. माणूस असा कोरडा, हिशेबी. त्यानं घराला स्लॅब टाकायला ठेवलेले पैसे देऊन जळगावहून कुत्र्याचं पिल्लू आणलं, हे कळलं तेव्हा आमच्या ऑफिसात दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. नानांचं मूळ गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. बाप एका मोठ्या केळीवाल्याच्या मळ्यात राबायचा. मळ्यात एक अल्सेशियन होता. त्याला सकाळी पितळीभर दूध मिळायचं, आणि ते त्याच्यापुढे ठेवायचं काम नानांच्या बापाकडे होतं. सात-आठ वर्षांच्या नानांनी एकदा विचारलं, त्याला दूध, मग मला का नाही? बाप म्हणाला, "ते जातवान शे, दादा. आपलं तसं नई."

"बापानं खोटं नव्हतं सांगितलं," नाना म्हणाले. "पण तो शब्द पन्नास वर्षं पोटात राहिला. म्हटलं, मरायच्या आधी एक जातवान आपल्या दारात बांधू. आपल्या हातानं त्याला खाऊ घालू."

नाव मात्र मोतीच ठेवलं. आमच्या मॅनेजरांनी एखादं इंग्रजी नाव सुचवलं होतं. नाना म्हणाले, "जात कितीबी मोठी असू द्या, हाक माराले दोन अक्षरं बस झाली."

पिल्लू विकत घेतलं की खर्च संपला, असा त्यांचा अंदाज होता. ते वर्षभरात घोड्यासारखं वाढलं. रोजचं किलोभर चिकन, पातेलंभर भात, अंडी, हाडांसाठी औषधं, इंजेक्शनं. नानांनी विडी सोडली. मग दुपारचा चहा सोडला. पण ते फार नव्हतं. खरा ताण होता उन्हाळ्याचा. आमच्याकडे वैशाखात पत्र्याखाली माणूस शिजतं, आणि हे थंड मुलखातलं जनावर जीभ काढून धापा टाकायचं. नानांनी त्याच्यासाठी कूलर घेतला. नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नसे, तेव्हा कूलरसाठी नाना सायकलला दोन कॅन लावून पाणी आणायचे. कूलरसमोर मोती झोपायचा. नानांची बायको, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो, त्या दारातल्या पायरीवर पदरानं वारा घेत बसायच्या.

अक्का कुरकुर करायच्या, पण त्यांच्या कुरकुरीत हसू असायचं. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डाव्यात उतरत होता. मी घरी गेलो की म्हणायच्या, "भाऊ, एक मोती दारमा, एक मोती मना डोयामा. दोन्हीसले पोसी राहिनू."

डोळ्याचं ऑपरेशन फुकट होणार होतं. जळगावला शिबिर होतं, नावही लिहिलेलं होतं. पण दोन दिवस तिथं राहायचं होतं आणि मोती नानांशिवाय कुणाच्याच हातचं खात नसे. शेजाऱ्यांना तर तो फाटकाला हात लावू देत नव्हता. नाना म्हणाले, पुढच्या शिबिराला जाऊ. पुढच्या शिबिराच्या वेळी मोतीचा पाय सुजला होता. त्याच्या पुढच्या वेळी काय होतं ते मला आठवत नाही. असंच करत सुरतला असलेल्या मुलीकडे जाणं राहिलं, साडूच्या घरचं लग्न राहिलं, भावाच्या दहाव्याला नाना सकाळी जाऊन दुपारी परत आले. "बठ्ठा लोके नावं ठेवतात," ते एकदा म्हणाले, "पण मुकं जनावर उपाशी ठेवून कुठं जाऊ?"

त्या वर्षी हंगाम उतरणीला लागला होता. दुपारी अडीचच्या सुमारास ऑफिसच्या फोनवर नानांच्या शेजारणीचा आवाज आला. "नानांना पाठवा लवकर. अक्का पडल्या. अन् ते कुत्रं कोणाला घरात पाय ठेवू देत नाही."

मी नानांना मोटारसायकलवर घेतलं. गल्ली माणसांनी भरली होती, पण सगळी फाटकापासून दहा हात लांब. रिक्षावाला काठी घेऊन उभा होता आणि पुढे जायची त्याची छाती होत नव्हती. उंबऱ्याच्या आत अक्का आडव्या पडल्या होत्या. मोती त्यांच्या अंगावर चार पाय फाकून उभा, मानेवरचे केस ताठ, भुंकून भुंकून तोंडाला फेस. तासभर हेच चाललं होतं. अक्का बाहेरच्या उन्हातून आत आल्या होत्या, आणि गार फरशीवर उंबऱ्याला लागून झोपलेला मोती त्यांना दिसलाच नव्हता.

"मोती," नानांनी नुसती हाक मारली. तो शेपूट हलवत बाजूला झाला.

रिक्षावाल्यानं काठी उगारली. अक्का कण्हत म्हणाल्या, "त्याले मारू नका. त्याले काय कळस? तो मना जोडे, जवळच व्हता."

मांडीचं हाड खुब्याशी मोडलं होतं. जळगावच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. बाहेरच्या बाकावर नाना टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. त्यांनी विचारलं, "भाऊ, ते डोळ्याचं फुकट होतं ना?"

मी हो म्हणालो.

त्याच मुक्कामात डॉक्टरांना सांगून अक्कांच्या डोळ्याचंही करवून घेतलं. नजर आली, चालणं गेलं. नानांनी जिनिंग सोडलं, कारण अक्कांना उचलून बसवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगी पंधरा दिवस राहून गेली. जाताना नानांना म्हणाली, "दादा, आता तरी हे जनावर कुणाला देऊन टाका." तोवर चिकन बंद झालं होतं. ताक-भात आणि भाकरी. मोतीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. जिथून आणला त्या जळगावच्या माणसाकडे नाना गेले. तो म्हणाला, "पिल्लू असतं तर उद्या विकलं असतं. वाढलेलं कोण घेतो, नाना?"

शेवटी धुळ्याजवळच्या एका फार्महाऊसवाल्यानं हो म्हटलं. मी एक टेम्पो ठरवला. एरंडोल, पारोळा मागे पडलं तरी नाना पुढे येऊन बसले नाहीत. मागे मोतीचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिले. मालक भला माणूस होता. मोतीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "वा, जातवान आहे. काय द्यायचं बोला."

"काही नको," नाना म्हणाले. त्यांनी टेम्पोतून एक लाकडी स्टूल खाली उतरवलं. "भांडं याच्यावर ठेवत जा. त्याला मान खाली घालून खाता येत नाही."

आम्ही निघालो तेव्हा मोती टेम्पोत चढायला लागला. नाना म्हणाले, "बस." तो लगेच बसला. वळणापर्यंत मला तो आरशात दिसत होता. सांगितलं होतं तिथंच बसलेला.

पाच दिवस त्यानं अन्नाला तोंड लावलं नाही. रोज संध्याकाळी नाना फोन करायचे आणि खाटेवरून अक्का विचारायच्या, "खादं का?" सहाव्या दिवशी त्यानं खाल्लं. त्या दिवशी अक्का रडल्या, असं नानांनी मला सांगितलं. स्वतःचं काही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी मला नाशिकला दुसरी नोकरी लागली. निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो. अक्का काठीच्या आधारानं भिंत धरून दारापर्यंत येत होत्या. नाना फार वाळले होते. मी विचारलं, मोतीला बघायला गेला होतात का?

"दोनदा गेलो, यष्टीनं," ते हळूच म्हणाले. अक्कांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी मला ओट्याच्या टोकाला नेलं. "आत नाही गेलो. कुंपणाच्या बाहेर, बाभळीच्या आड उभा राहिलो. आधी माती उडवून वारा पाहिला. वारा माझ्याकडून त्याच्याकडे जात होता, म्हणून मळ्याला वळसा घालून दुसऱ्या अंगाला गेलो. माझा वास लागला असता तर त्यानं पुन्हा जेवण टाकलं असतं."

"कसा आहे?"

"भरला शे. तिथल्या गड्याच्या हातचं खातो. शेपूट हलवतो त्याच्यापुढे." त्यांनी दाराकडे बघून घेतलं. "दुसऱ्यांदा उभा होतो तर वारा फिरला. मोतीनं मान वर केली. मी तसाच पळालो, भाऊ, या वयात. चप्पल राहिली तिथं."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही शिकलेले. माणसाचा वास विसरायला कुत्र्याला किती दिवस लागतात?"

"माहीत नाही, नाना."

"मलाबी नाही," ते म्हणाले. "म्हणून आता जात नाही."