दोनदा उठलेला हात

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण लहानपणापासून ही पोर एका जागी बसली असेल तर शपथ! आईनं कपडे वाळत घालायला पाठवावं, तर ही बया ते वाळत घालून, शेजारणीशी भांडून, ते भांडण मिटवून परत हजर. अशा मुलीला नोकरी लागली तीसुद्धा बटण दाबायची.

टायरच्या दुकानावर एक लांबलचक हॉल होता, त्यात ओळीनं कॉम्प्युटर. पडद्यावर व्हिडिओचा एवढासा तुकडा यायचा. एखादी खोली, पलंग, कुणी म्हातारं माणूस आणि त्याला सांभाळणारं कुणी. चेहरे पुसलेले, आवाज नाही. तो बघायचा आणि ‘मारहाण’ किंवा ‘काही नाही’ यांतलं एक बटण दाबायचं. त्यावरून यंत्र शिकायचं आणि वृद्धाश्रमांतल्या कॅमेऱ्यांत बसून म्हाताऱ्यांची राखण करायचं. भिंगरीला या कामाचा केवढा अभिमान! तिची आई अशाच एका वृद्धाश्रमात आया होती, त्यामुळे म्हाताऱ्यांचे हाल काय असतात ते तिनं घरी बसून पुष्कळ ऐकलं होतं.

बटण दाबण्याच्या वेगात हॉलमध्ये तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. साहेबांनी तिला सगळ्यांसमोर एक थर्मास बक्षीस दिला, लाल झाकणाचा. तो तिनं आईला देऊन टाकला; आई तो रोज कामावर न्यायची. शेजारच्या खुर्चीवरच्या काकू मात्र अगदी गोगलगाय. आधी शिवणकाम करायच्या, त्यामुळे प्रत्येक तुकडा टाका तपासावा तसा निरखायच्या.

"अगं, ही बाई मारतेय का थोपटतेय?" काकू विचारायच्या.

"काकू, आवाज नाही, चेहरा नाही, कळणार कसं? हात दोनदा उठून अंगावर पडला की मारहाण. दाबा आणि पुढे चला. असं बघत बसलात तर साहेब तुम्हाला घरी बसवतील."

ही युक्ती भिंगरीची स्वतःची. हळूहळू सगळा हॉल तशीच बटणं दाबायला लागला.

आणि एके दिवशी आई भरदुपारी घरी आली. पिशवी खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

"काढलं मला."

"काढलं? का?"

"मी मास्तरांना मारते म्हणे."

भिंगरीला आधी हसूच आलं. मास्तर म्हणजे आईचे लाडके म्हातारेबुवा. त्यांच्या छातीत कफ दाटायचा. मग आई त्यांना पुढे वाकवून, तळहाताची ओंजळ करून पाठीवर धपाधप थोपटायची. डॉक्टरांनीच तसं सांगितलेलं. लहानपणी खोकल्यानं बेजार झाल्यावर भिंगरीच्या पाठीवर हाच हात पडायचा.

"पण तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"कुणाला सांगू? मॅनेजरबाई म्हणाल्या, यंत्रानं नोंद केली, ती सगळ्या वृद्धाश्रमांना दिसते. आता मला कुठंच घेणार नाहीत. मास्तर बिचारे ओरडून ओरडून सांगत होते, तर म्हणे मार खाल्लेली माणसं घाबरून असंच बोलतात." आईनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. "आयुष्यभर म्हाताऱ्यांचं केलं गं मी. आणि माझ्या नावापुढे हे?"

भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी ती तडक मॅनेजरबाईंसमोर उभी राहिली. "चोराला पकडलं तरी विचारतात, बाबा रे, तुझं काय म्हणणं? माझ्या आईला तेवढाही हक्क नाही?"

मॅनेजरबाई वाईट नव्हत्या. त्या कानकोंड्या झाल्या. "एकदा तक्रार करता येते. मग तुकडा फेरतपासणीला जातो. तिथं यंत्र नसतं, माणूस बघतो. त्यानं जे ठरवलं ते कायमचं."

माणूस बघतो! भिंगरीनं तिथल्या तिथं तक्रार नोंदवली आणि आईला फोन केला, "घाबरू नकोस. डोळे असलेलं माणूस बघणार आहे. तुझा हात बघून कुणालाही कळेल."

त्या आठवड्यात हॉलमध्ये काम बदललं होतं. साहेब म्हणाले, "काही जुने तुकडे परत येताहेत, तेही पटापट उरकून टाका." भिंगरी त्या दिवशी खुशीत होती. ती पाणी प्यायला उठली आणि परत येताना सहज तिची नजर काकूंच्या पडद्यावर गेली.

पलंगावर पुढे वाकलेला एक म्हातारा. पाठीशी उभी असलेली बाई. दोघांचे चेहरे पुसलेले. आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर लाल झाकणाचा थर्मास.

तिच्या हातातला पेला निसटला. ती काकूंच्या खुर्चीकडे धावली. पडद्यावरचा हात उठला, पाठीवर पडला, पुन्हा उठला.

काकूंनी टक्कन बटण दाबलं. मारहाण.

"बघितलंस?" काकू लहान मुलीसारख्या खूश होऊन वळल्या. "आता मीसुद्धा विचार करत बसत नाही हो! तुझीच चेली."

"काकू, ती... मागे घ्या. मागे घ्या ते!"

"अगं, मागे कसं घेणार? गेलं ते." काकू तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "काय झालं? पांढरीफटक का पडलीस?"

अशा किती पाठी, किती हात भिंगरीनं स्वतः ‘मारहाण’ म्हणून दाबून टाकले होते! त्यातले थोपटणारे किती होते? तिला एकही आठवेना. ती कधी थांबलीच नव्हती.

संध्याकाळी घरी गेली तेव्हा आई फोन मांडीवर घेऊन दारातच बसली होती. कामावरचा तिचा पांढरा डगला धुऊन, इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता.

"भिंगरे, निरोप आलाय बघ. मारहाणच म्हणताहेत अजून." आईचा आवाज बारीक झाला. "खरं सांग, माणसानं बघितलं होतं ना गं?"

"हो आई," भिंगरी म्हणाली. "माणसानंच बघितलं. मी शिकवलेल्या माणसानं."